यादीतील नावे : अमेरिकेतील आद्य स्थलांतरितांच्या वंशावळींविषयी

१६२० साली इंग्लंडहून निघून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेल्या ‘मेफ्लॉवर’ या जहाजावर १०२ प्रवासी होते. त्यांतील जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले. प्लिमथ वसाहतीचे गव्हर्नरपद अनेक वर्षे भूषविलेल्या विल्यम ब्रॅडफर्डने पुढे तीसेक वर्षांनी आपल्या इतिहासाच्या हस्तलिखितास एक पुरवणी जोडली. तीत त्याने जहाजावरील माणसांची नावे कुटुंबवार नोंदविली : आधी घरधनी, मग त्याची पत्नी, मुले आणि शेवटी नोकरचाकर. त्यानंतर याच क्रमाने कोण जगले, कोण गेले, कोणाचे कोणाशी लग्न झाले आणि किती मुले-नातवंडे झाली, याचा जमाखर्चासारखा हिशेब त्याने मांडला. स्वतःच्या पहिल्या पत्नीविषयी तो एवढेच सांगतो की, ती येथे आल्यावर लवकरच वारली. अमेरिकेतील वंशेतिहासाचे आद्य साधन म्हणून जर कोणते एक लिखाण दाखवायचे झाले, तर या पुरवणीकडेच बोट दाखवावे लागेल.

या यादीतील पहिलेच कुटुंब वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याचे आहे. कार्व्हर, त्याची पत्नी कॅथरीन, आश्रयाला असलेली एक मुलगी, जॉन हाउलंड व रॉजर वाइल्डर हे दोन गडी, एक पोरगा, सांभाळायला दिलेले एक मूल आणि एक मोलकरीण. या साऱ्यांना नावे आहेत, मोलकरणीला नाही. पुढच्या हिशेबात ती पुन्हा एकदा येते : तिचे लग्न झाले आणि एक-दोन वर्षांत ती येथेच वारली. तीन वाक्यांचे आयुष्य, आणि तेही बिननावाचे. ब्रॅडफर्ड काही निर्दय माणूस नव्हता. त्याच्या गद्यात करुणेची जागा पुष्कळ आहे. परंतु यादी कुटुंबाची होती, कुटुंब म्हणजे घरधनी होता आणि मोलकरणीचे नाव कोणाला तरी लागेल असे तिच्या लेखकाला वाटण्याचे कारण नव्हते. अमेरिकेतील आद्य घराण्यांच्या वंशावळींचा पुढला सारा इतिहास या एका नोंदीत बीजरूपाने आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरू नये. वंशवृक्ष कोठे थांबतो, हे बहुधा घराण्याच्या स्मरणशक्तीवर ठरत नाही. ते ठरते लेखणी कोणाच्या हाती होती आणि ती कशासाठी उचलली गेली होती यावर.

त्याच घरातला दुसरा गडी पाहा. भर वादळात जॉन हाउलंड जहाजावरून समुद्रात फेकला गेला. पाण्यात लोंबणारा शिडाचा दोर हाती लागला म्हणून वाचला. ब्रॅडफर्डने ही हकीकत मोठ्या आस्थेने सांगितली आहे. या गड्याने पुढे एलिझाबेथ टिली हिच्याशी लग्न केले, त्यांना दहा मुले झाली, आणि आज त्याच्या वंशजांत फ्रँकलिन रूझवेल्ट व दोन्ही बुश असे तीन राष्ट्राध्यक्ष मोजले जातात. येथे एक गंमत आहे. ब्रॅडफर्डचे हस्तलिखित दीर्घकाळ बेपत्ता होते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ते बॉस्टनहून नाहीसे झाले असावे. १८५५ साली ते लंडनच्या बिशपच्या फुलहॅम येथील ग्रंथालयात सापडले आणि दुसऱ्याच वर्षी छापले गेले. तोवर हाउलंडच्या वंशजांची पक्की समजूत अशी की, त्याची पत्नी ही साक्षात गव्हर्नर कार्व्हरची कन्या. प्लिमथमधील त्याच्या स्मृतिशिलेवरही तसे कोरलेले होते. हस्तलिखित उघडले, आणि ती जॉन टिली नावाच्या एका साध्या सहप्रवाशाची मुलगी निघाली. घराण्याच्या आठवणीने दोन शतकांत एक गव्हर्नर पैदा केला होता. कागदाने तो काढून घेतला. आपल्याकडील कुलवृत्तांतांच्या संपादकांना हा अनुभव अपरिचित नसावा.

कार्व्हरकडे सांभाळायला दिलेले मूल म्हणजे जॅस्पर मोर. जहाजावर अशी चार मोर भावंडे होती. वये चार ते आठ. ती तीन कुटुंबांत वाटून दिलेली होती. ब्रॅडफर्डची आठवण येथे चुकते : ब्रूस्टरच्या घरी दिलेल्या दोघांना तो भाऊभाऊ म्हणतो, प्रत्यक्षात त्यांतली एक मेरी नावाची मुलगी होती. आईबाप जिवंत असता एवढी लहान मुले परक्यांच्या हवाली करून समुद्रापार का धाडली गेली, या प्रश्नाने वंशसंशोधकांना फार काळ छळले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सॅम्युअल मोर याचे १६२२ सालचे एक निवेदन उजेडात आले, तेव्हा उलगडा झाला. श्रॉपशर परगण्यातील जमीनजुमला घराण्यातच राहावा म्हणून सॅम्युअलचे लग्न नात्यातल्याच कॅथरीनशी लावून दिलेले होते. ही मुले आपली नसून पत्नीच्या प्रियकराची आहेत असा त्याचा आरोप होता. मुलांचे तोंडवळे त्याच्याशी जुळतात असे त्याचे म्हणणे. मुले आईकडून काढून घेण्यात आली आणि जहाजावर चढवण्यात आली. पहिल्या हिवाळ्यानंतर त्यांपैकी एकटा रिचर्ड उरला. तो पुढे दर्यावर्दी झाला आणि सेलम गावी म्हातारा होऊन मेला. ज्याला कुळातून उपटून फेकले, त्या रिचर्डचे कूळ आईच्या बाजूने थेट इंग्लंडच्या राजघराण्यापर्यंत पोचते असे संशोधकांनी दाखवून दिले आहे, आणि आज त्याचे वंशज ते अभिमानाने सांगतात.

अशा कथा वाचताना वंशसंशोधन म्हणजे रहस्यकथा वाटू लागते. प्रत्यक्ष काम मात्र कंटाळवाण्या सावधगिरीचे असते. १८२९ साली जॉन फार्मरने न्यू इंग्लंडमधील पहिल्या वसाहतकारांची नोंदवही छापली. १८४५ साली बॉस्टनला वंशेतिहासाला वाहिलेली संस्था निघाली. १८६० ते १८६२ या काळात जेम्स सॅव्हेजने चार खंडांचा कोश पुरा केला. पण या विद्येला खरी शिस्त लावली ती न्यू हेवनच्या डॉनल्ड लाइन्स जेकबस याने, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. सतराव्या शतकातील शब्द आजच्या अर्थाने वाचू नयेत, हा त्या शिस्तीचा पहिला धडा. तेव्हाच्या मृत्युपत्रात ‘कझिन’ म्हटलेला मुलगा बहुधा पुतण्या वा भाचा असतो. ‘ब्रदर’ हा मेहुणा असेल, साडू असेल, किंवा नुसता एकाच चर्चमधला बंधू असेल. गावातले ‘सीनिअर’ आणि ‘ज्युनिअर’ हे बापलेक असतीलच असे नाही. एकाच नावाच्या थोरल्या-धाकट्या दोन माणसांना वेगळे ओळखण्याची ती सोय होती. शिवाय १७५२ पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारी १६२४ अशी नोंद दिसली तर आपल्या हिशेबाने ती १६२५ची. एवढे भान नसेल तर मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मते आणि मेलेला माणूस वर्षभराने मृत्युपत्र करतो.

या कोशांत पानोपानी भेटणारी आणखी एक गोष्ट म्हणजे रिकामी रेघ. ‘मेरी’, आणि पुढे रेघ. तिचा नवरा ठाऊक, मुले ठाऊक, मृत्यूची तारीखही कधीकधी ठाऊक. माहेरचे आडनाव नाही. जमीन नवऱ्याच्या नावे होती, खटले नवऱ्याच्या नावे चालले, आणि वंशावळ ही अखेर जमिनीच्या व खटल्यांच्या कागदांतूनच रचावी लागते. आपल्याकडे इंग्रजी अमदानीत इनाम कमिशन बसले तेव्हा घरोघर वंशावळी लिहिल्या गेल्या. त्यांत लेकीसुना किती आढळतात, हे कोणीही पडताळून पाहावे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या छंदाला वेगळीच धार चढली. १८९० साली ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही संस्था निघाली आणि १८९७ साली मेफ्लॉवर-वंशजांची राष्ट्रीय संस्था. त्याच वर्षी ब्रॅडफर्डचे हस्तलिखित इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला परत आले. पण हा काळ दुसऱ्याही एका घटनेचा आहे. १८९२ साली न्यूयॉर्कजवळ एलिस बेटावरील तपासणी-ठाणे उघडले, आणि इटली, पोलंड, रशिया येथून कॅथलिक व ज्यू कष्टकऱ्यांचे लोंढे त्यातून आत येऊ लागले. १८९४ साली बॉस्टनमध्ये हार्वर्डच्या काही पदवीधरांनी स्थलांतरावर निर्बंध मागणारी संघटना स्थापन केली. पूर्वज ‘आधी’ आले होते याचा पुरावा नेमका त्याच वेळी मौल्यवान व्हावा, हा योगायोग खास नव्हे. (एलिस बेटावरच्या कारकुनांनी स्थलांतरितांची नावे बदलली, ही लोकप्रिय समजूत मात्र टिकत नाही. प्रवाशांच्या याद्या जहाज निघतानाच तयार होत. बेटावर त्या फक्त पडताळल्या जात. नावे बदलली ती बहुतेकांनी स्वतःच आणि नंतर.)

मागणी आली की पुरवठाही येतो. गुस्ताव्ह आंजू नावाचा एक गृहस्थ श्रीमंतांना भारी दामाने वंशावळी तयार करून देई. खरे कागद, खरी मृत्युपत्रे यांची रेलचेल करून त्यात तो नेमका एक दुवा खोटा घालीत असे, आणि तो दुवा बहुतेकदा अटलांटिक महासागर ओलांडणारा असे. त्याच्या खोट्या शाखा आजही अनेक घराण्यांच्या झाडांना चिकटून आहेत. हा आंजू मूळचा स्वीडनचा, म्हणजे स्वतःच नुकता आलेला स्थलांतरित. जुन्या घराण्यांना त्यांचे जुनेपण एका नवागताने विकावे, हे फारच बोलके आहे.

वंशावळ ही केवळ प्रतिष्ठेची बाब राहिली असती तर तिची थट्टा करून मोकळे होता आले असते. पण १९२४ साली ती कायद्यात उतरली. त्या वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने राष्ट्रवार कोटे आवळून दक्षिण व पूर्व युरोपचे दार जवळजवळ लावून घेतले. त्याच वर्षी व्हर्जिनिया राज्याने वांशिक शुद्धतेचा कायदा केला आणि गोऱ्यांच्या आंतरवंशीय विवाहांवरील बंदी अधिक कठोर केली. गोरा कोण? ज्याच्यात गोऱ्याखेरीज दुसऱ्या रक्ताचा थेंबही नाही तो. पण येथे अडचण उभी राहिली. व्हर्जिनियातील सर्वांत मानी घराणी स्वतःला पोकाहाँटस या मूलनिवासी सरदारकन्येचे आणि तिचा इंग्रज पती जॉन रॉल्फ याचे वंशज म्हणवीत. त्यांचे लग्न १६१४ सालचे. कायदा सरळ लावला असता तर राज्याची जुनी घराणीच गोरी उरली नसती! म्हणून एक पळवाट ठेवण्यात आली : मूलनिवासी रक्त एक-षोडशांश वा त्याहून कमी असेल, आणि दुसरे कोणतेही अगोरे रक्त नसेल, तर ती व्यक्ती गोरीच समजावी. हा कायदा १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला.

या जॉन रॉल्फनेच आणखी एक नोंद करून ठेवली आहे. ऑगस्ट १६१९ मध्ये, म्हणजे मेफ्लॉवरच्या सव्वा वर्ष आधी, व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर एका जहाजाने ‘वीस आणि काही’ आफ्रिकन माणसे आणून धान्यसामग्रीच्या बदल्यात दिली, असे तो लिहितो. लुआंडाहून मेक्सिकोकडे निघालेल्या पोर्तुगीज गुलामवाहू जहाजावरून ती पळवलेली होती. वीस आणि काही! संख्यासुद्धा पुरी मोजलेली नाही. अमेरिकेतील ‘आद्य घराणी’ हा शब्दप्रयोग ज्यांनी रूढ केला त्यांच्या मनात ही माणसे कधीच नव्हती. पण तारखेच्या हिशेबाने ती ब्रॅडफर्डच्या आधीची आहेत.

१६२५च्या आरंभी व्हर्जिनियात खानेसुमारी झाली. तीत कॅप्टन विल्यम टकर याच्या घरी अँथनी, इसाबेला आणि त्यांचे बाप्तिस्मा झालेले मूल विल्यम, अशी तीन नावे आहेत. इंग्रज रहिवाशांपुढे वय, जहाजाचे नाव, आगमनाचे वर्ष असा तपशील असतो. बहुतेक आफ्रिकनांपुढे तो नाही आणि आडनाव तर नाहीच. तरीही नवरा, बायको, मूल असे कुटुंब तेथे दिसते हे विशेष, कारण पुढे ते दिसेनासे होणार होते. याच वसाहतीत माणसे आणणाऱ्यास माणशी पन्नास एकर जमीन मिळे. १६३०च्या दशकात जॉर्ज मेनिफी याने अशी जमीन मागताना आणलेल्यांची नावे दिली. त्यांत एक आहे ‘टोनी, ईस्ट इंडियन’. आपल्या दिशेचा हा बहुधा पहिला नोंदलेला स्थलांतरित. त्याचे खरे नाव काय, कोणत्या बंदरातून तो निघाला, हे यादीला सांगण्याचे कारण नव्हते. त्याची किंमत पन्नास एकर होती, तेवढ्यापुरता तो लिहिला गेला.

मग १६६२ साली व्हर्जिनियाने एक कायदा केला : मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या स्थितीवरून ठरेल. इंग्रजी कायद्यात मूल बापाचे. येथे ते उलटे झाले. मातृवंशाचा हा गौरव नव्हता. गोऱ्या मालकापासून गुलाम स्त्रीला झालेले मूल त्याच्या मालमत्तेत भर घालील, त्याच्या वंशात नव्हे, अशी ती व्यवस्था होती. आपण जिला वंशावळ म्हणतो तिच्यातून एक संपूर्ण फांदी या एका कलमाने छाटली गेली. तिचे परिणाम खानेसुमारीत पाहावेत. १८५० साली प्रथमच प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहिले गेले. त्या आणि १८६०च्या खानेसुमारीत गुलामांसाठी निराळी पत्रके होती. तेथे नाव मालकाचे. खाली वय, लिंग, रंग. पस्तीस, स्त्री, काळी. आठ, मुलगा, मिश्र. बहुतांश गुलामांची नावे आली ती मुक्तीनंतर, १८७० साली. कृष्णवर्णीय कुटुंबांचे वंशसंशोधक ‘१८७०ची भिंत’ म्हणतात ती हीच.

ही भिंत ओलांडण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न म्हणजे ॲलेक्स हेली यांचे १९७६ सालचे ‘रूट्स’. पुढील वर्षी ते दूरचित्रवाणीवर आले आणि साऱ्या देशाला पूर्वज शोधण्याचे वेड लागले. दस्तऐवजांच्या कसोटीला मात्र ते उतरले नाही. ज्या ‘टोबी’ला हेली १७६७ साली जहाजातून उतरवतात, तो त्याच्या मालकाच्या कागदपत्रांत त्यापूर्वीच आढळतो, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. ही टीका योग्यच आहे. पण आंजूची बनावट आणि हेलींची कल्पना यांना एकाच मापाने मोजणे आम्हांस पटत नाही. आंजूच्या अशिलांपाशी कागद होते. त्यांना अधिक बडे पूर्वज हवे होते. हेलींच्या समाजापाशी कागद ठेवलेच गेले नव्हते.

काही घराण्यांनी तोंडी परंपरा जपली आणि ती खरी निघाली. टॉमस जेफर्सनच्या मालकीची गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज हिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ साली ओहायोतील एका वृत्तपत्रात आपली हकीकत सांगितली : आपला पिता जेफर्सन, आपल्या आजीची आई आफ्रिकेतून आणलेली आणि त्या आजीचा पिता हेमिंग्ज नावाचा इंग्रज कप्तान. सव्वाशे वर्षे बहुतेक इतिहासकारांनी ती गप्पांत जमा केली. १९९७ साली ॲनेट गॉर्डन-रीड यांनी दाखवून दिले की, गोऱ्या नातवंडांची साक्ष ग्राह्य आणि गुलाम मुलाची अग्राह्य, एवढ्याच निकषावर तो निवाडा उभा होता. दुसऱ्याच वर्षी ‘वाय’ गुणसूत्राच्या चाचणीत जेफर्सनच्या चुलत्याचे वंशज आणि सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याचे वंशज यांचा मेळ बसला. २००० साली मॉन्टिसेलोच्या व्यवस्थापक संस्थेने हे नाते मान्य केले. २००२ साली जेफर्सनच्या गोऱ्या वंशजांच्या संघटनेने हेमिंग्ज वंशजांना सभासदत्व नाकारले. कुटुंबाचे दफनस्थान त्या संघटनेच्या मालकीचे आहे.

१८७०च्या भिंतीला आणखी एक खिंडार आहे. यादवी युद्ध संपताच १८६५ साली मुक्त गुलामांसाठी ‘फ्रीडमन्स बँक’ स्थापन झाली. खातेदारांपैकी अनेकांना सही येत नसे. म्हणून ओळख पटावी यासाठी कारकून जन्मस्थान, पूर्वीचा मालक, बाप, आई, भाऊ-बहिणी, मुले असा सारा तपशील लिहून घेई. कोण मेले, कोणाला कोठे विकले, हेही काही जण सांगत. गैरव्यवहार आणि मंदी यांत १८७४ साली बँक बुडाली आणि हजारोंची बचत गेली. खतावण्या तेवढ्या राहिल्या.

त्या वाचण्याजोग्या केल्या युटा राज्यातील मॉर्मन पंथाच्या वंशेतिहास विभागाने. मृत पूर्वजांनाही बाप्तिस्मा देता येतो अशी या पंथाची श्रद्धा. त्यासाठी नावे हवीत, म्हणून १८९४ पासून त्यांनी नावांचा जगातला सर्वांत मोठा साठा उभा केला. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेसुद्धा त्यांनी सूक्ष्मपट काढले आहेत. फ्रीडमन्स बँकेच्या नोंदींतून सुमारे ४,८०,००० नावे वेचून, कुटुंबे जुळवून २००१ साली त्यांची सूची प्रसिद्ध झाली. हे काम अकरा वर्षे चालले आणि बरेचसे युटाच्या राज्य तुरुंगातील कैद्यांनी, आपल्या मोकळ्या वेळात, स्वखुशीने केले. जुन्या अक्षरातली आईची, भावाची, विकल्या गेलेल्या बहिणीची नावे ते एकेक करून उतरवून घेत होते.